प्रमाणभाषा, पोटभाषा आणि कंपायलर : प्रमाणबाह्य विस्तारांच्या स्वीकाराचा ऐतिहासिक विचार

निजामी राजवटीत नळदुर्ग हे जिल्ह्याचे मुख्य ठिकाण होते. १९०४ मध्ये ते धाराशिवास आले. पुढे मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून गावास व जिल्ह्यास उस्मानाबाद हे नाव मिळाले, आणि २०२३ मध्ये शासनाने धाराशिव हे जुने नाव पुन्हा अधिकृत केले. नावांप्रमाणे दप्तराची भाषाही पालटत गेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या चरणात हैदराबाद संस्थानाने फारसीच्या जागी उर्दूची योजना केली. गावपातळीवरचा मराठी हिशेब मात्र कुलकर्ण्यांच्या हातच्या मोडीत चालू राहिला. १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यास जोडला गेला, कचेरीचा व्यवहार देवनागरी मराठीत आला आणि मोडी शाळेतून व टाकातून हळूहळू नाहीशी झाली. कागद मात्र कपाटांत तसेच राहिले. २०२३ मध्ये मराठवाड्यातील जुन्या कुणबी नोंदींच्या शोधासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा कायद्याच्या प्रश्नाइतकाच साध्या वाचनाचा प्रश्न महत्त्वाचा ठरला. मोडी आणि उर्दू जाणणारी माणसे शोधावी लागली.

एखाद्या लिपीतील लेखन थांबविणे हे निर्णयाचे काम असते. त्या लिपीतील मजकुराची गरज केव्हा संपेल हे मात्र कोणत्याही निर्णयाच्या हाती नसते. लेखन आणि वाचन या दोन व्यवहारांची आयुर्मर्यादा निरनिराळी असते, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकास नवी नाही. संगणकाच्या भाषांविषयी विचार करताना तिचा विसर अनेकदा पडलेला दिसतो, आणि तेथे तो अधिक महाग पडतो. कारण त्या भाषांचा पहिला वाचक मनुष्य नसून यंत्र असते.

मनुष्याने फोर्ट्रान, सी इत्यादी भाषांत लिहिलेली आज्ञावली यंत्राच्या अंगभूत भाषेत उतरविणाऱ्या साधनास कंपायलर म्हणतात. मराठीत त्यास संकलक असाही प्रतिशब्द योजिला जातो. भाषेत काय बसते आणि काय बसत नाही, हे एखादी प्रमाणसंस्था ग्रंथरूपाने ठरविते. परंतु व्यवहारातला जवळजवळ प्रत्येक कंपायलर त्या ग्रंथात नसलेली काही रूपे स्वतःच्या जबाबदारीवर स्वीकारतो. ही रूपे म्हणजेच प्रमाणबाह्य विस्तार. ते पुढेही स्वीकारत राहावेत की टप्प्याटप्प्याने बंद करावेत, यावर कंपायलर घडविणाऱ्यांत दीर्घकाळ मतभेद आहेत. एका पक्षाचे म्हणणे असे की, विस्तार स्वीकारल्याने लेखकास वाईट सवय लागते आणि त्याची आज्ञावली एकाच कंपायलरच्या दावणीला बांधली जाते. दुसरा पक्ष म्हणतो की, काल चालणारी आज्ञावली आज चालेनाशी करणे हा वापरणाऱ्याचा विश्वासघात होय. दोन्ही पक्ष कंपायलरला व्याकरणकार समजून बोलतात. त्यास प्रथमतः वाचक मानले, तर वादाचे स्वरूप पुष्कळ बदलते.

उमरगा-तुळजापूर भागात ‘काय करायलास?’ हा प्रश्न सर्रास ऐकू येतो. प्रमाण मराठीच्या व्याकरणात चालू वर्तमानाचे हे रूप नाही. तरीही पुण्याच्या श्रोत्यास ते पहिल्याच वेळी बहुधा कळते. कारण श्रोता प्रसंगावरून पोकळी भरून काढतो. कंपायलरला ही मुभा नाही. रूप त्याला ठाऊक असते किंवा नसते. ‘साधारण कळले’ अशी मधली अवस्था त्याच्याजवळ नाही. तिसरी एक अवस्था मात्र संभवते, आणि ती सर्वांत घातक : रूप ओळखीचे वाटावे, पण अर्थ दुसराच घेतला जावा. विस्तारांच्या इतिहासात खरे नुकसान झाले आहे ते प्रायः या तिसऱ्या अवस्थेत, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

इतिहास फोर्ट्रानपासून सुरू होतो. जॉन बॅकस व त्यांच्या सहकाऱ्यांनी आयबीएमच्या ७०४ या यंत्रासाठी १९५७ मध्ये ही भाषा सिद्ध केली. त्या वेळी भाषा आणि कंपायलर यांत भेदच नव्हता. कंपायलर जे स्वीकारील ती फोर्ट्रान. इतर कंपन्यांनी आपापल्या यंत्रांसाठी कंपायलर लिहिले तसतशा पोटभाषा वाढत गेल्या, आणि त्यांना आवर घालण्यासाठी १९६६ मध्ये अमेरिकेच्या प्रमाणसंस्थेने फोर्ट्रानचे प्रमाण प्रसिद्ध केले. संगणकभाषेचे ते पहिलेच प्रमाण. तेव्हा प्रमाण अगोदर आणि त्यापासून च्युत झालेली रूपे नंतर, हा जो क्रम शुद्धिवादी पक्ष गृहीत धरतो तो इतिहासास धरून नाही. मानवी भाषांप्रमाणे येथेही पोटभाषा आधीच्या, प्रमाण मागाहूनचे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये कंट्रोल डेटा कंपनीचे ३६०० हे यंत्र बसविण्यात आले. संस्थेबाहेरच्या संशोधकांनीही त्याचा उपयोग केला. त्यांनी तेव्हा जी फोर्ट्रान लिहिली ती अपरिहार्यपणे त्या यंत्राची फोर्ट्रान होती; प्रमाणाचा ग्रंथ निघण्यास अद्याप दोन वर्षे अवकाश होता. त्या आज्ञावलींना आज ‘अप्रमाण’ म्हणणे म्हणजे ज्ञानेश्वरीत १९६२ च्या लेखननियमांचा भंग शोधण्यासारखे आहे.

प्रमाण निघाल्यावर विस्तार थांबले असेही नाही. डिजिटल इक्विपमेंट कंपनीचे व्हॅक्स हे यंत्र १९७७ मध्ये आले आणि त्याच्या फोर्ट्रानचा फार मोठा प्रसार झाला. ‘डू व्हाइल’, ‘एन्ड डू’ आणि न जाहीर केलेली नावे वर्ज्य करणारे ‘इम्प्लिसिट नन’ ही रूपे त्या काळच्या प्रमाणात नव्हती, पण लेखकांस ती हवी होती. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९७८ मध्ये ती आपल्या पुरवणी-प्रमाणात मागितली आणि फोर्ट्रान ९० मध्ये ती सर्वमान्य झाली. व्हॅक्सच्याच ‘स्ट्रक्चर’ आणि ‘रेकॉर्ड’ या रूपांचे नशीब निराळे. निरनिराळ्या जातींची माहिती एका नावाखाली बांधण्याची त्यांमागची गरज फोर्ट्रान ९० ने मान्य केली, रूप मात्र स्वतःचे वेगळे घडविले. गरज प्रमाण ठरली आणि ती प्रथम भागविणारे लेखन अप्रमाण राहिले. अशा आज्ञावली शास्त्रीय व अभियांत्रिकी कामांत इतक्या टिकून होत्या की, अखेर २०१७ मध्ये जीसीसीच्या सातव्या आवृत्तीतील फोर्ट्रान कंपायलरने ही नाकारलेली रूपे वाचण्याची सोय केली. ती आपोआप लागू होत नाही. वापरणाऱ्याने तशी खूण मुद्दाम द्यावी लागते. प्रमाणाने दुसरा मार्ग घेतल्यावर पाव शतकाने वाचकाने जुनी पोटभाषा शिकावी, ही घटना प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने बरीच बोलकी आहे.

फोर्ट्रान ९० मधील आणखी एका तरतुदीकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. कंपायलरने विस्तार स्वीकारू नयेत असे त्या प्रमाणाने म्हटले नाही. प्रमाणाच्या वाक्यरचनेत न बसणारे रूप आले तर ते ओळखून लेखकास कळविण्याची क्षमता कंपायलरमध्ये असली पाहिजे, एवढेच बंधन घातले. स्वीकाराचे स्वातंत्र्य आणि सूचनेचे कर्तव्य यांची ही सांगड व्यवहारज्ञानाची साक्ष देते, आणि या लेखातील प्रतिपादनाचा मुख्य आधारही तीच आहे.

सी भाषेचा इतिहास अधिक गुंतागुंतीचा आहे. कर्निहन व रिची यांच्या १९७८ च्या ग्रंथाने तिला रूप दिले आणि १९८९ मध्ये तिचे पहिले प्रमाण ठरले. दरम्यान १९८७ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांचा जीसीसी हा कंपायलर लोकांपुढे आला. विस्तारांबाबत हा कंपायलर मोठा उदार. तथापि त्याच्या एका आरंभीच्या आवृत्तीने, कंपायलरला खाजगी सूचना देण्यासाठी प्रमाणाने मोकळ्या सोडलेल्या ‘प्रॅग्मा’ या रूपाचा राग धरून, ते दिसताच काम सोडून एखादा खेळ सुरू करण्याची व्यवस्था केली होती. प्रॅग्माचा अर्थ कंपायलरने ठरवावा असे प्रमाण म्हणत होते, आणि या कंपायलरने तो असा ठरविला. विनोद बाजूस ठेवला तरी, अर्थ सांगितल्याशिवाय सोडलेली मोकळी जागा विस्तारापेक्षा धोक्याची असते हा त्यामागचा आक्षेप खोटा नव्हता.

जीसीसीने घातलेली कित्येक रूपे पुढे प्रमाणात आली. मोठ्या पूर्णांकाचा ‘लाँग लाँग’ हा प्रकार १९९९ च्या प्रमाणाने घेतला. एखाद्या पदाची जात विचारणारे ‘टाइपऑफ’ हे रूप अनेक दशके विस्तार म्हणून वापरात राहून अगदी अलीकडे, सी २३ या प्रमाणात, प्रतिष्ठित झाले. मधल्या काळात कंपायलरांनी शुद्धतेच्या आग्रहाने ते टाकून दिले असते, तर प्रमाणसंस्थेपुढे अनुभवाचा पुरावाच राहिला नसता. कोशकार जसा आधी प्रयोग गोळा करतो आणि मग नोंद करतो, तसेच हे.

विस्तार सांभाळण्याचा खर्च नसतो असे मात्र नाही. कंपायलरच्या घडणीचा अभ्यास महाराष्ट्रात विशेषतः मुंबईच्या आयआयटीत झाला. प्रा. धनंजय धामधेरे यांचे या विषयावरील ग्रंथ व संशोधन, आणि प्रा. उदय खेडकर यांच्या पुढाकाराने तेथे जीसीसीच्या अंतरंगाच्या अध्ययनासाठी चाललेले केंद्र, ही त्याची उदाहरणे होत. जीसीसीची रचना पाहिली म्हणजे ध्यानात येते की सर्व विस्तारांचे ओझे सारखे नसते. काहींचा प्रभाव दाराशीच संपतो. रचनेतील घटकांना आरंभीची मूल्ये देण्याची जीसीसीची जुनी, अपूर्णविरामाची पद्धत १९९९ च्या प्रमाणाने टिंबाच्या पद्धतीने बदलली. पण जुने रूप वाचून आत नव्यासारखेच वागविणे कंपायलरला फारसे जड नाही, आणि जीसीसी ते अद्याप वाचतो. एका कार्याच्या पोटात दुसरे कार्य लिहू देणाऱ्या विस्ताराची गोष्ट निराळी. आतल्या कार्याचा पत्ता बाहेर दिला गेला तर कंपायलरला चालत्या आज्ञावलीच्या स्मृतीत तात्पुरत्या सूचना लिहाव्या लागतात, आणि त्यासाठी स्मृतीचा तो भाग आज्ञा म्हणून चालविण्याजोगा ठेवावा लागतो. सुरक्षिततेच्या दृष्टीने हे सैलपण आज कोणास परवडत नाही. म्हणूनच जीसीसीचे बहुतेक विस्तार स्वीकारणाऱ्या क्लँग या नव्या कंपायलरने नेमका हा विस्तार नाकारला. तो नकार समर्थनीय होय. उलट लिनक्सच्या गाभ्याला लागणारा, यंत्रभाषेतील तुकड्यातून सी भाषेतील खुणेकडे उडी घेऊ देणारा विस्तार क्लँगने २०१९ मध्ये नवव्या आवृत्तीत उचलला; कारण त्याशिवाय तो गाभा वाचताच येत नव्हता. लिनक्सच्या गाभ्याने स्वतः २०२२ मध्ये १९८९ च्या सी वरून २०११ च्या सी कडे प्रयाण केले. तेव्हाही निवड केली ती निव्वळ प्रमाणाची नव्हे, तर जीसीसीच्या विस्तारांसह असलेल्या पोटभाषेची.

आता तिसऱ्या अवस्थेकडे, म्हणजे ओळखीच्या रूपाचा दुसराच अर्थ घेतला जाण्याकडे वळणे प्राप्त आहे. ‘इनलाइन’ हा शब्द जीसीसीने प्रमाणाच्या आधी वापरात आणला. १९९९ च्या प्रमाणाने तोच शब्द घेतला, पण एका बाबतीत अर्थ नेमका उलटा केला : कार्याची स्वतंत्र प्रत केव्हा निर्माण व्हावी याविषयी ‘एक्स्टर्न इनलाइन’ आणि नुसता ‘इनलाइन’ यांच्या भूमिका परस्परांत बदलल्या. शब्द तेच, अक्षरे तीच. २०१५ मध्ये जीसीसीच्या पाचव्या आवृत्तीने आपली मूळ धारणा १९८९ वरून २०११ च्या भाषेकडे नेली, तेव्हा जुन्या अर्थाने लिहिलेल्या आज्ञावली जोडणीच्या वेळी मोडू लागल्या. जीसीसीने जुना अर्थ देणारी खूण शिल्लक ठेवली होती. ज्यांना आपले लेखन कोणत्या पोटभाषेतले आहे हे ठाऊक होते त्यांचे काम एका शब्दाने भागले. हाल झाले ते आपण विस्तार वापरीत होतो हेच ज्यांना ठाऊक नव्हते त्यांचे.

याहून बोधप्रद प्रकरण २०२४ चे. सी भाषेच्या आरंभीच्या रूपात, न जाहीर केलेले कार्य वापरले तर कंपायलर मुकाट्याने समजत असे की ते पूर्णांक परत देते. १९९९ च्या प्रमाणाने ही सवलत काढून टाकली. जीसीसी मात्र इशारा देऊन ती पुढे पंचवीस वर्षे चालवीत राहिला. या अवधीत यंत्रे ३२ बिटांवरून ६४ बिटांवर गेली. पूर्णांक ३२ बिटांचाच राहिला आणि पत्ता ६४ बिटांचा झाला. परिणामी, पत्ता परत देणारे कार्य जाहीर न करता वापरले तर पत्त्याचा अर्धा भाग गळून पडे, आणि आज्ञावली कधी चाले, कधी कोसळे. येथे औदार्य हे वाचकाचे दायित्व राहिले नव्हते. ते चुकीचे वाचन झाले होते. मे २०२४ मध्ये जीसीसीच्या चौदाव्या आवृत्तीने हा प्रकार दोष ठरविला. ठरविताना मात्र जुन्या भाषेची खूण कायम ठेवली आणि सैल वाचनाची वेगळी मुभाही ठेवली. फेडोरा या लिनक्स-वितरणाच्या कार्यकर्त्यांनी आपल्या संग्रहातील आज्ञावली अगोदरच तपासून दुरुस्त्या मूळ लेखकांकडे पाठविल्या होत्या. एखादे रूप निवृत्त करावयाचेच असेल तर ते कसे करावे, याचे इतके चांगले उदाहरण दुसरे आढळत नाही. पंचवीस वर्षे हा काळ फार झाला असे म्हणणारे आहेत. घातक अर्थाच्या बाबतीत त्यांचे म्हणणे मान्य करावे लागेल.

विस्तारांमागे नेहमी सोयच असते असे समजणेही भाबडेपणाचे ठरेल. सन कंपनीने ऑक्टोबर १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टवर खटला भरला तो जावा या भाषेवरून. मायक्रोसॉफ्टच्या जावा कंपायलरने नंतर ‘डेलिगेट’ यांसारखे नवे शब्द घातले, आणि त्यांचा वापर केलेली आज्ञावली इतरांच्या जावावर चालेना. जानेवारी २००१ मध्ये तडजोड झाली. मायक्रोसॉफ्टने दोन कोटी डॉलर दिले. त्या शब्दामागची कल्पना वाईट नव्हती. मायक्रोसॉफ्टच्याच पुढच्या सी-शार्प भाषेत ती सन्मानाने नांदली. आक्षेप होता तो सर्वत्र चालण्याचे वचन देणाऱ्या नावाखाली एकाच ठिकाणी चालणारी पोटभाषा पसरविण्यास. नाव वेगळे होताच भांडणाचे कारण उरले नाही.

नाव न सांगता शिकविलेल्या पोटभाषेचे परिणाम पाहण्यासाठी मात्र अमेरिकेच्या न्यायालयात जाण्याचे कारण नाही. मराठवाड्यातील महाविद्यालयांच्या संगणक-प्रयोगशाळा त्यासाठी पुरेशा आहेत. बोरलँड कंपनीचा टर्बो सी १९८७ मध्ये आणि टर्बो सी++ १९९० मध्ये आला. साध्या संगणकावर झटपट चालणारा, लेखन-संपादन आणि कंपायलर एकाच निळ्या पडद्यावर देणारा हा कंपायलर महाराष्ट्रातच नव्हे, देशभरच्या अभ्यासक्रमांत रुजला, आणि डॉस ही कार्यप्रणाली मागे पडल्यानंतरही पुष्कळ वर्षे टिकून राहिला. जुन्या पत्राच्या शिरोभागी जसा ‘श्री’, तसा विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकांच्या वहीत प्रत्येक आज्ञावलीच्या शिरोभागी ‘कोनिओ डॉट एच’. आरंभी पडदा पुसणारे ‘सीएलआरएससीआर’, शेवटी उत्तर डोळ्यांपुढे थांबवून धरणारे ‘गेटसीएच’, आणि मधे ‘व्हॉइड मेन’. यांपैकी पहिली तिन्ही सी भाषेच्या प्रमाणात नाहीत. चौथ्याविषयी प्रमाणाचे म्हणणे असे की सर्वसाधारण परिस्थितीत ‘मेन’ने पूर्णांक परत द्यावा. पुष्कळ शिकवणुकीत आणि वह्यांत ही सर्व रूपे ‘सी’ या एकाच नावाने वावरली. ही बोरलँडची सी आहे, असे सांगण्याची गरज क्वचितच वाटली.

टर्बो सी++ तर सी++ चे पहिले प्रमाण निघण्याच्या आठ वर्षे आधीचा. त्यातील ‘आयओस्ट्रीम डॉट एच’ हे नाव १९९८ च्या प्रमाणाने शेपूट काढून घेतले. जीसीसी जुन्या नावाचा मान काही वर्षे इशाऱ्यासह राखत होता, आणि २००८ च्या ४.३ आवृत्तीत त्याने तो सोडला. ६४ बिटांच्या विंडोजने १६ बिटांच्या डॉस आज्ञावली चालविणे बंद केले, तेव्हा टर्बो सी चालविण्यासाठी संगणकाच्या पोटात डॉसचे काल्पनिक यंत्र उभे करणारा डॉसबॉक्स आणावा लागला. एक वाचक जिवंत ठेवण्यासाठी त्याचे सगळे जुने गावच वसवावे लागले, असा हा प्रकार. बोरलँडने जुन्या आवृत्त्या संग्रहालयातील वस्तू म्हणून विनामूल्य दिल्या होत्या. परंतु कंपायलरची मूळ लिखित संहिता त्यांसोबत दिली नव्हती, आणि त्यामुळे त्यांना नव्या यंत्रांवर आणणे कोणास शक्य नव्हते.

येथे रूप आणि अर्थ यांचा भेद पुन्हा उपयोगी पडतो. पडदा पुसणे, कळ दाबण्याची वाट पाहणे ही रूपे दुसऱ्या कंपायलरबरोबर पुरविता येतात; विंडोजवरील जीसीसीच्या मिनजीडब्ल्यू या आवृत्तीत ‘कोनिओ डॉट एच’ आजही आहे, जरी त्यात ‘सीएलआरएससीआर’ नाही. परंतु टर्बो सीत पूर्णांक दोन बाइटांचा होता. ३२,७६७ च्या पुढची संख्या ऋण होऊन परत येई, आणि त्या काळच्या पुस्तकांतील काही उदाहरणे हेच दाखविण्यासाठी लिहिलेली असत. चार बाइटांच्या यंत्रावर ती आज्ञावली निमूटपणे स्वीकारली जाते आणि वेगळे उत्तर देते. पडदा पुसला न जाण्यापेक्षा हे गंभीर. कारण येथे कोणी काही कळवीत नाही.

विद्यार्थ्याच्या बाजूने पाहिले तर याची किंमत केवळ तांत्रिक नाही. तालुक्याच्या महाविद्यालयातून आलेला विद्यार्थी पुण्यातील लेखी-यांत्रिक चाचणीस बसतो, पहिल्या चार ओळी सवयीने लिहितो आणि कंपायलर त्या परत करतो. परीक्षक त्यावरून त्याचे ज्ञान जोखतो. जे शिकविले गेले ते चूक होते, असा निष्कर्ष दोघेही काढतात. तो बरोबर नाही. ती एका यंत्राची, एका काळाची, नियमबद्ध पोटभाषा होती. ‘करायलास’ म्हणणाऱ्या मुलास शाळेत अशुद्ध ठरविण्यात जी चूक होते तीच ही. उणीव होती ती नामनिर्देशाची, आणि ती शिक्षक, पाठ्यपुस्तक व कंपायलर या तिघांची होती. टर्बो सीने आपल्या विस्तारांसमोर प्रत्येक वेळी एक ओळीची सूचना दिली असती, तर तीस वर्षांच्या प्रात्यक्षिकांच्या वह्यांचे स्वरूप वेगळे दिसले असते.

मराठीच्या लेखननियमांचा दाखला येथे घेण्याजोगा आहे. मराठी साहित्य महामंडळाने पुरस्कारिलेले नियम महाराष्ट्र शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले आणि १९७२ मध्ये त्यांत भर पडली. व्युत्पत्तीने सिद्ध होणारे पण उच्चारात नसलेले अनुस्वार त्यांनी घालविले. ‘कांहीं’चे ‘काही’ झाले, ‘नांव’चे ‘नाव’. हे नियम लेखनासाठी कठोर होते. पण त्यांच्याच अंगी एक काळजीपूर्वक ठेवलेली तरतूद आहे : केशवसुतांपूर्वीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचे गद्य यांतील उतारे मूळ लेखनाप्रमाणेच छापावेत, त्या दोघांपासून पुढचे सर्व लेखन नव्या नियमांप्रमाणे छापावे. म्हणजे नियमकर्त्यांनी एक कालरेषा आखली, तिच्या अलीकडील मजकुराचे रूपांतर करण्यास सांगितले आणि पलीकडील मजकूर त्याच्या स्वतःच्या पोटभाषेत वाचण्याची जबाबदारी वाचकावर ठेवली. जीसीसीची ‘१९८९ ची भाषा’ अशी खूण याहून वेगळे काही करीत नाही. चिपळूणकरांच्या ठिकाणी रेषा ओढणे कितपत शास्त्रीय, यावर वाद होऊ शकतो व झालेलाही आहे. पण रेषा उघडपणे सांगितलेली आहे, आणि संपादकास आपण कोणत्या बाजूस उभे आहोत हे कळते.

मोडीच्या बाबतीत अशी रेषा कोणी आखून दिली नाही. ती वापरातून सरली एवढेच. तिच्या वाचनाचे वर्ग आज राज्याचे पुराभिलेख संचालनालय व काही विद्यापीठे चालवितात. २०१४ मध्ये युनिकोड या अक्षरसंकेतांच्या प्रमाणाने आपल्या सातव्या आवृत्तीत मोडीच्या अक्षरांना स्वतंत्र जागा दिली. दैनंदिन व्यवहारात मोडी कोणी लिहीत नव्हते, आणि लिहू लागावे अशी त्या निर्णयामागची अपेक्षाही नव्हती. नळदुर्ग-धाराशिवच्या दप्तरातील एखादा उतारा त्याच्या मूळ अक्षरांसह यंत्रात साठविता व शोधता यावा, इतकी सोय त्यामुळे झाली. टर्बो सीतील आज्ञावलींसाठी दोन बाइटांचा पूर्णांक आणि बोरलँडची रूपे यांचा नामनिर्देश करणारी अशी एखादी वाचनखूण जीसीसीत वा क्लँगमध्ये आजतागायत नाही.